इन्सब्रुकचे डोंगरावरचे प्राणिसंग्रहालय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतावरील लेखात इन्सब्रुक शहरातून डोंगरावर चढणाऱ्या ‘हुंगरबुर्गबान’ या रेल्वेचा आणि तिच्या वाटेवर असलेल्या ‘आल्पेनझू’ या प्राणिसंग्रहालयाचा ओझरता उल्लेख आला होता. त्या दोन ओळींवरच वाचकांनी इतके प्रश्न विचारले आहेत की या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : हुंगरबुर्गबान ही रेल्वे म्हणायची की रोप-वे? वणीच्या सप्तशृंगी गडावर आता जी ट्रॉली चालते, तोच हा प्रकार आहे का? आणि दोर तुटला तर काय होते, हेही कृपया सांगावे. (एक निवृत्त अभियंता, पुणे)

प्रकार तोच आहे. सप्तशृंगी गडावर २०१८ साली सुरू झालेली ट्रॉली आणि इन्सब्रुकची ही गाडी या दोन्ही ‘फ्युनिक्युलर’ वर्गातल्या आहेत. त्या रुळांवर धावतात म्हणून रेल्वे आणि दोराने ओढल्या जातात म्हणून रोप-वे, अशी दोन्ही नावे त्यांना चिकटली आहेत. रायगडाच्या रोप-वेचा पाळणा हवेत लटकतो, म्हणून तो यात बसत नाही. माथेरानची गाडी डोंगर चढते खरी, पण ती स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर, वळणे घेत घेत. निलगिरीच्या गाडीला चढावर दातेरी पट्टीचा आधार असतो. फ्युनिक्युलरच्या डब्याला मात्र इंजिनच नसते. डोंगरमाथ्यावरच्या यंत्रघरात एक मोठे चाक असते, त्यावरून एक पोलादी दोर जातो आणि त्याच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात. एक डबा उतरू लागला की त्याच्या वजनानेच दुसरा वर खेचला जातो, त्यामुळे मोटरला केवळ दोन्ही बाजूंच्या वजनांतला फरक आणि घर्षण एवढ्याचाच भार पेलावा लागतो. तीव्र चढावरही ही गाडी तुलनेने कमी विजेत चालते, याचे कारण हेच.

आपण अभियंता असल्याने एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हुंगरबुर्गबानचा मार्ग एकेरी असून मध्यावर तेवढे दोन फाटे फुटतात आणि तिथे वर जाणारा आणि खाली येणारा डबा एकमेकांना ओलांडतात. अशा मार्गावर सांधे बदलायला माणूस नसतो आणि सांध्याचा कोणताही भाग हलत नाही. स्विस अभियंता कार्ल रोमान आब्ट यांची ही युक्ती १८७९ साली ब्रिएन्झ सरोवराकाठच्या गीसबाख येथील फ्युनिक्युलरवर प्रथम वापरली गेली. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना आतून आणि बाहेरून अशा दोन्ही कडा असतात, त्यामुळे ती चाके रूळ सोडूच शकत नाहीत. दुसऱ्या बाजूची चाके मात्र रुंद आणि बिनकडेची असल्याने आडवे येणारे रूळ आणि दोर सहज ओलांडून जातात. एका डब्याची कडेची चाके डावीकडे ठेवायची, दुसऱ्याची उजवीकडे, की पहिला डबा कायम डाव्या फाट्याने जातो आणि दुसरा कायम उजव्या. इतकी साधी युक्ती सुचायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले, याचे आम्हाला नेहमीच नवल वाटते.

दोराच्या सुरक्षिततेविषयी : दोर अनेक तारांच्या पिळाचा असतो, त्याची ठराविक काळाने तपासणी होते आणि ठरलेल्या मुदतीत तो बदलला जातो. तरीही दोराचा ताण गेला तर डब्यातील ब्रेक आपोआप रूळ पकडतात आणि डबा जागच्या जागी थांबतो, अशी योजना असते. आपल्याला प्रवासात अनुभवाला येईल ती वेगळीच गोष्ट. दोन्ही डबे एकाच दोराला बांधलेले असल्याने एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावे लागते. त्यामुळे गाडी कधी उगाचच थांबली असे वाटले, तर दुसऱ्या डब्यात कोणीतरी चढत-उतरत असेल असे समजावे.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात आणि यजमान काठी घेऊन चालतात. आम्हाला हे प्राणिसंग्रहालय पाहता येईल का? उंचीमुळे श्वासाचा त्रास होतो का? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उंचीची काळजी मनातून काढून टाकावी. इन्सब्रुक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७४ मीटरवर, म्हणजे जवळपास पुण्याच्याच उंचीवर आहे आणि प्राणिसंग्रहालय सुमारे ७५० मीटरवर. माथेरान याहून उंच आहे आणि महाबळेश्वर तर कितीतरी उंच. फोटोंत मागे बर्फाच्छादित कडे दिसतात म्हणून आपण फार उंचावर आहोत असा भास होतो, इतकेच.

काळजी करायची ती चढाची. गाडी शहराच्या मध्यवर्ती भागातील ‘काँग्रेस’ या भुयारी स्थानकातून सुटते. तिथून ‘लोव्हेनहाउस’, मग इन नदीवरचा पूल, त्यानंतर ‘आल्पेनझू’ आणि शेवटी ‘हुंगरबुर्ग’ अशी एकूण चार स्थानके आहेत. सुमारे १.८ किलोमीटरच्या या मार्गावर गाडी जवळजवळ २९० मीटर चढते आणि सगळा प्रवास आठ-दहा मिनिटांत आटोपतो. डब्याचा चौकट-सांगाडा चढाप्रमाणे कलत असला, तरी त्यातील कक्ष स्वतंत्रपणे फिरून पुन्हा समतल होतात. त्यामुळे सपाट भुयारातून उभ्या चढावर गाडी लागली तरी पायाखालची जमीन तिरपी होत नाही. ज्यांना उतरत्या पायऱ्यांच्या डब्यात उभे राहताना भीती वाटते, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

आल्पेनझू स्थानक जमिनीपासून बरेच उंचावर बांधलेले आहे. खाली यायला जिना आहे आणि लिफ्टही आहे. तिथून प्रवेशद्वार काही मिनिटांच्या अंतरावर आहे, पण त्या वाटेला चढ आहे. आत शिरल्यावर तर सगळे संग्रहालयच डोंगराच्या उतारावर पसरलेले आहे. वाटा चांगल्या बांधलेल्या आहेत, जागोजागी बाकही आहेत, परंतु सपाट वाट अशी फारशी नाही. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्यांना ते जमण्यासारखे आहे. हाताने ढकलायच्या चाकाच्या खुर्चीसाठी मात्र सोबत धडधाकट माणूस हवा. स्थानकापासूनचे चालणे टाळायचे असेल तर शहरातून ‘डब्ल्यू’ क्रमांकाची बस थेट प्राणिसंग्रहालयाशी जाते. आमची सूचना अशी की जाताना बसने जावे आणि परतताना गाडीने उतरावे. चढ वाचतो आणि गाडीचा आनंदही हुकत नाही. संग्रहालय सगळे पाहण्याचा आग्रह धरू नये. खालच्या भागातील मत्स्यालय आणि जवळचे पक्ष्यांचे विभाग नीट पाहिले तरी सकाळ कारणी लागते.

प्रश्न : आम्ही ताडोब्याच्या दारात राहतो. वाघ पाहिलेल्या माणसाने सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही अशा प्राणिसंग्रहालयात पैसे देऊन काय पाहायचे? शिवाय प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवणे मुळात योग्य आहे का? (एक वाचक, चंद्रपूर)

प्रश्न रोखठोक आहे आणि उत्तर थोडे लांबणार आहे.

प्राणिशास्त्रज्ञ हान्स प्सेनर यांनी १९६२ साली वायरबुर्ग या जुन्या गढीच्या परिसरात हे संग्रहालय सुरू केले, तेव्हाच एक मर्यादा आखून घेतली : इथे ठेवायचे ते आल्प्समधले प्राणी, जे आज तिथे राहतात ते, आणि जे पूर्वी राहत होते पण माणसाने संपवले तेही. या दुसऱ्या अटीमुळे युरोपीय बायसन हा रानटी बैल आणि मूस हे भल्यामोठ्या शिंगांचे हरीण इथे दिसतात. बाकी लिंक्स हे मोठे रानमांजर, लांडगा, ऊद म्हणजे पाणमांजर, बीव्हर, शॅमॉय ही डोंगरी शेळी, आयबेक्स, गरुड, घुबडे, साप, मासे असा सगळा घरचाच परिवार आहे. सुमारे दीडशे जाती आहेत आणि त्यांत गर्दी खेचणारा परदेशी पाहुणा एकही नाही. आमच्या मते या संग्रहालयाचे मोठेपण या नकारातच आहे. शहरात येणाऱ्या पर्यटकांना सिंह दाखवून तिकिटे विकणे कितीतरी सोपे होते.

आता इथला एकच पिंजरा घेऊ. दाढीवाले गिधाड हा अडीच मीटरहून अधिक पंखविस्ताराचा पक्षी आहे. हिमालयात, विशेषतः लडाख-स्पितीकडे भटकंती करणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांनी तो डोक्यावरून जाताना पाहिला असेल. जात तीच आहे. आल्प्समध्ये मात्र तो कोकरे आणि प्रसंगी लहान मुलेही उचलून नेतो, असा समज शतकानुशतके घट्ट बसलेला होता. त्याला मारणाऱ्याला बक्षिसे दिली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथून नाहीसा झाला. प्रत्यक्षात हा पक्षी शिकार करत नाही म्हटले तरी चालेल, कारण त्याचे मुख्य अन्न हाडे आहे. इतर गिधाडांनी मांस संपवल्यावर उरलेला सांगाडा हा त्याचा वाटा. लहान हाड तो सबंध गिळतो, मोठे हाड पायात धरून उंच उडतो आणि ठरलेल्या खडकावर टाकून त्याचे तुकडे करतो. पोटातले आम्ल इतके तीव्र असते की हाडे विरघळून जातात.

१९७३ साली या पक्ष्याच्या बंदिवासातील प्रजननाला आल्पेनझूमध्ये यश आले, आणि त्यातून आल्प्समध्ये तो पुन्हा आणता येईल अशी खात्री वाटू लागली. मादी साधारणपणे दोन अंडी घालते, पण निसर्गात दुसरे पिल्लू जगत नाही, कारण पहिले त्याला मारते किंवा उपाशी ठेवते. संवर्धनाच्या कामात ते दुसरे पिल्लू वेळीच वेगळे काढून वाढवता येते, म्हणजे निसर्गाने गमावलेला जीव हिशेबात परत येतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की उडता येण्यापूर्वीच त्याला डोंगरकड्यातील कपारीत ठेवतात आणि माणूस दिसणार नाही अशा रीतीने अन्न पोहोचवतात. तिथूनच ते पहिले उड्डाण करते आणि तो डोंगर आपले घर मानते. १९८६ साली ऑस्ट्रियातील राउरिस खोऱ्यात अशी पहिली पिल्ले सोडली गेली आणि १९९७ साली फ्रान्सच्या ओत-साव्हुआ भागात, मोकळ्या निसर्गात, पहिले पिल्लू जन्मले. आज आल्प्समध्ये हा पक्षी पुन्हा उडताना दिसतो. यात अनेक देशांतील अनेक संस्थांचे श्रम आहेत, पण इन्सब्रुकच्या या उतारावरच्या जाळीमागे त्याची एक मुळी आहे.

पिंजऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा पक्ष्याच्या छातीचा रंग बघावा. मानेखालची पिसे गंजासारखी तांबूस दिसली तर तो जन्मजात रंग नाही. हा पक्षी लोहयुक्त चिखलात मुद्दाम लोळतो आणि चोचीने तो रंग पिसांत मुरवतो. असा चिखल मिळाला नाही तर तो पांढुरकाच राहतो. तो हे का करतो यावर पक्षीतज्ज्ञांत अजून वाद आहे.

आयबेक्स या रानबोकडाची कथाही याच घराण्यातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस आल्प्समध्ये तो इटलीतील ग्रान पाराडिसो परिसरातच काय तो उरला होता. १८५६ साली तिथे राजाचे राखीव शिकारक्षेत्र झाले. गंमत अशी की राजाला शिकार करायची होती, म्हणूनच आयबेक्स वाचला. इटलीचा राजा स्वित्झर्लंडला जिवंत आयबेक्स द्यायला तयार नव्हता, तेव्हा १९०६ साली ग्रान पाराडिसोतली करडे चोरून सेंट गालेनच्या उद्यानात नेण्यात आली, त्यांची पैदास झाली आणि १९११ पासून ती डोंगरांत सोडली जाऊ लागली. पुढच्या काळात आल्पेनझूनेही आपल्याकडचे आयबेक्स पुनर्वसनासाठी दिले. आयबेक्सच्या कुंपणापाशी थोडा वेळ उभे राहिल्यास त्याचे खूर कसे काम करतात हे दिसते : कड कठीण आणि धारदार, मधला भाग मऊ आणि रबरासारखा पकड घेणारा. बोटभर रुंदीच्या कपारीवर तो चारही पाय जुळवून उभा राहतो.

तिसरा नमुना टकल्या आयबिसचा. काळी पिसे, लालसर उघडे डोके आणि लांब वाकडी चोच असा हा पक्षी मध्य युरोपातून सतराव्या शतकातच संपला होता. कॉन्राड गेस्नर या निसर्गअभ्यासकाने १५५५ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले होते, पण पुढच्या पिढ्यांना ते कपोलकल्पित वाटू लागले. हा तोच पक्षी आहे जो तेव्हा मध्यपूर्वेत आढळत होता, हे कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या पिल्लांना आज माणसे वाढवतात आणि छोट्या विमानांमागून उडायला लावून आल्प्सपार दक्षिणेची वाट शिकवतात, कारण स्थलांतराचा मार्ग दाखवायला त्यांना आई-बापच उरलेले नाहीत.

पिंजऱ्याच्या योग्यायोग्यतेविषयी आम्ही पळवाट काढणार नाही. शेकडो चौरस किलोमीटर हिंडणाऱ्या लिंक्सला किंवा लांडग्याला कोणतेही आवार अपुरेच पडणार, मग तो आल्प्सचा खरा उतार का असेना. फरक एवढाच की इथे झाडी, खडक आणि लपायला जागा आहे, आणि प्राणी दिसलाच पाहिजे असा अट्टहास नाही. लिंक्सच्या आवारासमोरून चार कुटुंबे ‘काहीच नाही’ म्हणून निघून जातात आणि पाचवे दहा मिनिटे थांबते तेव्हा फांदीवर अंगाचे मुटकुळे करून बसलेले ते जनावर त्यांना दिसते. ताडोब्यात तासन्‌तास वाट पाहण्याची आपल्याला सवय असणार. इथे ती उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्या सहल कंपनीने इन्सब्रुकला फक्त अर्धा दिवस दिला आहे आणि त्यात सोनेरी छपराचे घर व खरेदी हेच आहे. मोकळ्या वेळात प्राणिसंग्रहालय करावे की अगदी शेंड्यापर्यंत जावे? (एक गृहिणी, ठाणे)

अर्ध्या दिवसात दोन्ही करू नये. हुंगरबुर्गला गाडी संपते आणि तिथून हवेतले पाळणे सुरू होतात : पहिला टप्पा १,९०५ मीटरवरील झेग्रुबेपर्यंत, दुसरा २,२५० मीटरहून उंच हाफेलेकारपर्यंत. झेग्रुबेच कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंच आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून एका बाजूला सारे शहर आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या दगडी कड्यांच्या रांगा दिसतात. पण ढग आले की हातभर अंतरावरचेही दिसत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग येण्याचीच शक्यता जास्त असते. वर पोहोचून पांढऱ्या भिंतीसमोर स्वेटर घालून उभ्या राहिलेल्या सहली आम्ही पाहिल्या आहेत.

सोनेरी छपराचे घर पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या काळातील त्या छज्जावर सोन्याचा मुलामा दिलेली २,६५७ तांब्याची कौले आहेत. ती पाहून काँग्रेस स्थानकापर्यंत चालत जावे. सकाळ मिळाली आणि आकाश निरभ्र असेल तर वर जावे. दुपार मिळाली, किंवा डोंगराची टोके ढगात असतील, तर विचार न करता आल्पेनझू स्थानकावर उतरावे. दुपारच्या उन्हात बरेच प्राणी सुस्तावलेले असतात, संध्याकाळकडे त्यांची हालचाल पुन्हा सुरू होते. संग्रहालयाला निदान अडीच-तीन तास द्यावेत. पाऊण तासात उरकायचे असेल तर खरेदी बरी.

ज्यांच्या हाती सबंध दिवस आहे त्यांनी सकाळी पहिल्या गाडीने सरळ वर जाऊन, उतरताना आल्पेनझूला थांबावे. चालायची आवड असेल तर शेवटी गाडी सोडून द्यावी आणि झांक्ट निकोलाउस या जुन्या वस्तीतून अर्ध्या तासात नदीच्या पुलापर्यंत पायी उतरावे. चढताना आठ मिनिटांत मागे पडलेला डोंगर उतरताना पायांना समजतो.

प्रश्न : गाडीचे आणि संग्रहालयाचे तिकीट वेगवेगळे काढावे लागते का? (एक वाचक, नाशिक)

दोन्हींचे मिळून एकत्रित तिकीट मिळते आणि ते स्वस्त पडते. शहरातील इतर स्थळेही पाहणार असाल तर २४, ४८ किंवा ७२ तासांचे ‘इन्सब्रुक कार्ड’ घ्यावे; त्यात दोन्हींचा समावेश असतो. दर बदलत असल्याने ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत.

प्रश्न : वास्तुरचनेची विद्यार्थिनी म्हणून मला या रेल्वेच्या स्थानकांविषयी जाणून घ्यायचे आहे. ती पाहण्यासाठी मुद्दाम जाण्यासारखी आहेत का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

अवश्य आहेत. या डोंगरावर गाडी १९०६ पासून चालत होती. तो जुना मार्ग २००५ साली बंद करून, शहराच्या मध्यापासून सुरू होणारा नवा मार्ग डिसेंबर २००७ मध्ये खुला झाला. बगदादमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम केलेल्या वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी चारही स्थानके आणि इन नदीवरचा पूल रचला. याच शहरातील बेर्गइझेलची स्की-उडीची घसरगुंडीही त्यांचीच, २००२ सालची.

प्रत्येक स्थानकाचे छप्पर निराळे आहे, कारण प्रत्येक जागेचा चढ आणि उंची निराळी आहे. खाली काँक्रीटचा भक्कम पाया आणि त्यावर हिमनदी वितळता वितळता गोठावी तशी दुहेरी वळणाची पांढरी काचेची कवचे. या काचा तापवून साच्यात वाकवलेल्या आहेत आणि एकीचा आकार दुसरीशी जुळत नसल्याने संगणकावरील प्रतिकृतीवरून त्या एकेक घडवाव्या लागल्या. आपण आल्पेनझू स्थानकावर जास्त वेळ द्यावा. तिथे कवच एका उंच खांबावर तोलून धरल्यासारखे दिसते आणि खालून पाहताना काचेच्या फरशांमधील सांधे वळणासोबत कसे सरकत जातात हे मोजता येते. काँग्रेस स्थानकात काच जमिनीलगत उतरते, त्यामुळे जवळून पाहायला ते सोपे आहे. काही स्थानिकांना ही रचना जुन्या शहराच्या शेजारी परकी वाटते. हुंगरबुर्गच्या शेवटच्या स्थानकाबाबत आम्हालाही ते थोडेसे पटते, कारण तिथे मागचा कडा इतका प्रचंड आहे की काचेचा डौल त्यापुढे खेळण्यासारखा भासतो. नदीवरचा पूल मात्र गाडीतून दिसत नाही. तो पाहायचा तर लोव्हेनहाउसला उतरून काठावर यावे.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. आई-बाबा डिसेंबरात येत आहेत. बर्फात प्राणिसंग्रहालय बंद असते का, आणि प्राणी दिसतात का? (एक वाचक, म्युनिक)

संग्रहालय वर्षभर उघडे असते, हिवाळ्यात फक्त संध्याकाळी लवकर बंद होते. म्युनिकहून थेट रेल्वेने इन्सब्रुकला दोन तासांच्या आत पोहोचता येते, त्यामुळे सकाळी निघून रात्री परतणे शक्य आहे. गाडी देखभालीसाठी वर्षातून काही दिवस बंद राहू शकते, तेव्हा तारीख तपासावी; ती बंद असली तरी बस आहेच.

खरे तर आम्हाला विचाराल तर डिसेंबरच उत्तम. हे सगळे थंडीचे प्राणी आहेत, त्यांचे केस या दिवसांत सर्वांत दाट असतात. आयबेक्सचा माजाचा काळ डिसेंबर-जानेवारीत असतो आणि नरांनी मागच्या पायांवर उभे राहून शिंगे भिडवल्याचा आवाज दूरवर जातो. दाढीवाल्या गिधाडांची अंडी घालण्याची वेळही ऐन हिवाळ्यातली. पिल्लू बाहेर येते तेव्हा वसंत सुरू होत असतो, बर्फ वितळू लागतो आणि हिमकड्यांखाली दबून मेलेल्या जनावरांची हाडे उघडी पडतात. त्या घरट्याचे वेळापत्रक या हिशेबावर बसवलेले आहे. त्या काळात पिंजऱ्याजवळ आवाज न करण्याची सूचना असेल तर ती पाळावी. साप, सरडे आणि हिवाळी झोप घेणारे प्राणी मात्र उन्हाळ्यावरच सोडावेत. आई-बाबांसाठी घट्ट पकडीच्या तळव्यांचे बूट घ्यावेत. उतरत्या वाटेवर बर्फ दाबून काचेसारखा झालेला असतो आणि भारतातून आणलेले वॉकिंग शूज तिथे टिकाव धरत नाहीत.

प्रश्न : युरोपला जाणे आम्हाला परवडणारे नाही. आपल्या देशात असे काही आहे का? (एक वाचक, परभणी)

आहे, आणि ते आल्पेनझूच्या आधीचे आहे. दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय १९५८ साली स्थापन झाले. ते सुमारे ७,००० फुटांवर, म्हणजे इन्सब्रुकच्या संग्रहालयाच्या जवळपास तिप्पट उंचीवर आहे. तत्त्वही तेच : भर हिमालयातील प्राण्यांवर. हिमबिबट्या आणि लाल पांडा यांच्या प्रजननासाठी ते जगभर ओळखले जाते. तिथे जन्मलेल्या दोन लाल पांडा मादी २००३ साली सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या होत्या. हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही त्याच आवारात असल्याने एका फेरीत तेन्झिंग नोर्गे यांच्या स्मृतीही पाहून होतात.

फ्युनिक्युलर मात्र तिथे नाही. दार्जिलिंगचा रोप-वे चहाच्या मळ्यांवरून खोऱ्यात उतरतो, तो संग्रहालयाकडे जात नाही. आणि १८८१ पासून चालणारी छोटी रेल्वे आपल्याला गावापर्यंतच आणते. पुढे टॅक्सी किंवा पाय. फ्युनिक्युलरमध्येच बसायचे असेल तर सप्तशृंगी गड आहे, आणि दक्षिणेच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी पळणीच्या मुरुगन मंदिराची गाडी आहे, तिला तिथे सगळे ‘विंच’ म्हणतात. डबा वर जात असताना वरून येणारा दुसरा डबा नेमका कुठे ओलांडतो आणि कोणत्या बाजूने जातो, याकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिथे खाण्याची काय सोय आहे? (एक वाचक, जळगाव)

संग्रहालयात उपाहारगृह आहे आणि हुंगरबुर्गच्या स्थानकाजवळही खाण्याची ठिकाणे आहेत. चीज घातलेले ‘केझेश्पेट्झले’ बहुतेक ठिकाणी मिळते, पण त्याच्या शेवयांत अंडे असते. ‘कायझरश्मार्न’ हा गोड पदार्थही अंड्याचाच. चीजचे डंपलिंग सूपमध्ये मागवलेत तर ते सूप बहुधा गोमांसाच्या रसाचे असते, हे आधी विचारून घ्यावे. तेच डंपलिंग सॅलडसोबत कोरडे मिळू शकते, तरी त्यातही अंडे धरूनच चालावे. अंडेही चालत नसेल तर तळलेले बटाटे, पाव आणि सॅलड यांवर भागवावे लागेल. तेव्हा शहरातूनच दशम्या आणि चटणीचा डबा सोबत घेऊन निघावे; संग्रहालयातील बाकांवर बसून खायला हरकत नसते, फक्त त्यातला घासही प्राण्यांना घालू नये.